सू शीच्या ‘हानशी थ्ये’ची छापील प्रत: आठ महिने गिरवल्यानंतर

‘हानशी थ्ये’ म्हणजे चिनी कवी सू शीनं स्वतःच्या दोन कविता कुंचल्यानं लिहिलेली गुंडाळी. तिची छापील प्रत घ्यावी, पण मूळ आकाराचीच, आणि पहिला कित्ता म्हणून नको. खायशू, म्हणजे सुट्या ठाशीव अक्षरांच्या लिपीवर हात बसलेला नसेल, तर इथं नुसती वाकडी अक्षरं पदरात पडतात.

कविता १०८२च्या. सू शी (सू तुंगपो) ह्वांगचौला हद्दपारीत होता, आणि ‘हानशी’ हा चूल न पेटवण्याचा सण. शीतला सप्तमी पाळणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. १७ ओळी, १२९ अक्षरं, लिपी शिंगशू, म्हणजे धावती. मूळ गुंडाळी तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे.

पहिल्या कवितेची अक्षरं लहान, बेतानं बसलेली. दुसरीत ती फुगत जातात, आणि ‘फुटकी चूल, ओल्या बोरूंचं जळण’ इथं तर दुप्पट वाटावीत इतकी. हे भावनेच्या भरात झालं असं सगळे म्हणतात. गिरवताना मात्र कळतं की कुंचला किती दाबायचा हे प्रत्येक रेघेला ठरलेलं आहे. ठळक अक्षरात केस जवळजवळ मुळापर्यंत कागदावर टेकतात आणि पुढच्याच रेघेला टोकावर परत येतात. बोरूनं देवनागरी लिहिणारे इथं हमखास अडखळतात: बोरूत जाड-बारीक कापाच्या कोनातून येतं, इथं दाबातून.

सू शी कुंचला खालून, तिरका धरायचा. मनगट टेकलेलं आणि कुंचला आडवा, म्हणून डावी बाजू देखणी नि उजवी सुकलेली, असा आक्षेप काही लोक घेत; तो शिष्य ह्वांग थिंगज्येननंच नोंदवलाय, आणि गुरूची बाजूही घेतलीय. कुंचला सरळ उभा धरून गिरवलं तर अक्षरांचा उजवा खांदा वर चढत नाही, सगळं सपाट दिसतं. पण टेकलेल्या मनगटाची मर्यादा ‘कागद’ या अक्षराच्या लांब शेपटीत उघडी पडते. बोटांनी ओढलं की रेघ मध्येच थरथरते. शेपूट सुरू होण्याआधी मनगट उचलायचं, खांद्यातून खाली यायचं आणि शेवटी न थांबता कुंचला कागदावरून काढून घ्यायचा. थांबलात की शाई फुटते.

साहित्य: शेळीचे आणि वीझलचे (मुंगसासारखा लहान प्राणी) मिश्र केस असलेला कुंचला, केसांची लांबी ३ ते ३.५ सेंमी. निव्वळ शेळीचा फार लुळा पडतो. नवा कुंचला कोमट पाण्यात सोडवावा. कढत पाण्यानं मुळाशी लावलेला डिंक सुटतो. कागद अर्धी खळ दिलेला ‘श्वान’, म्हणजे चिनी हातकागद. बिनखळीच्या कागदावर शाई पसरून ठळक अक्षरांचे डाग होतात, तर पूर्ण खळीच्या कागदावर ती वरच तरंगते. शाई दाट हवी, सू शीला दाटच आवडायची. दगडावर चमचाभर पाण्यात शाईची कांडी १५ ते २० मिनिटं उगाळली तर बरोबर उतरते. बाटलीतली शाई सोयीची, पण धुण्यात कसूर झाली की मुळाशी वाळते आणि महिनाभरात टोक दुभंगतं.

आता छपाईबद्दल तक्रार. काळेपणा इतका चढवलाय की रेघेवर रेघ कुठं बसली ते ठळक अक्षरांत दिसतच नाही. मूळ गुंडाळीच्या खालच्या कडेचे जळल्याचे डागही कापून टाकलेत. खोडलेल्या अक्षरांशेजारचे ठिपके मात्र शाबूत आहेत, हे नशीब: चुकलेलं अक्षर गिरबटलेलं नाही, बाजूला ठिपके देऊन तसंच ठेवलंय. गिरवताना हे ठिपकेही गिरवावेत, पुढच्या अक्षराची जागा त्यांच्यावरून नीट कळते.

ह्वांग थिंगज्येनचा शेरा मागे जोडलेला असेल तीच आवृत्ती घ्या. सू शीनं पुन्हा लिहायला घेतलं तरी इतकं जमेलच असं नाही, असं तो म्हणतो, आणि स्वतःच्या लांब हातापायांच्या अक्षरांत गुरूला टक्कर देतो. दोघं एकमेकांच्या अक्षरांची टिंगल करत: ह्वांग म्हणे, तुमची दगडाखाली चिरडलेल्या बेडकासारखी, सू शी म्हणे, तुझी झाडाच्या शेंड्याला लटकलेल्या सापासारखी. पुढे मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) वू ख्वान या सुलेखनकारानं सू शीचा हा बेडूकच उचलला. त्याची जाड, बसकी अक्षरं शेजारी ठेवून पाहिली की नकलेत दाब कसा उतरतो नि ढील कशी हरवते ते लख्ख दिसतं. आठ महिन्यांनंतर आपल्या वहीतही नेमकं हेच दिसण्याची शक्यता जास्त.