जुन्या पाँटून नावेला मधली ड्रमरांग: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

नाव मासेमारीची, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागे साठलेल्या पाण्यात चालणारी. खाली तरंगण्यासाठी (यांनाच पाँटून म्हणतात) तीन मिलिमीटर लोखंडी पत्र्याच्या दोन पोकळ, बंद गोल टाक्या, प्रत्येकी साडेपाच मीटर लांब आणि 55 सेंटिमीटर व्यासाच्या. जाळी, मासळी आणि माणसं चढली की मागची बाजू बसायची, लाट फळीवर यायची. मधोमध 200 लिटरच्या पाच निळ्या ड्रमांची तिसरी रांग टाकली. काम पैसेवसूल आहे, पण त्यातून काय मिळत नाही तेही सांगायला हवं.

आधी हिशेब. दोन्ही टाक्या मिळून साधारण 2,600 लिटर, म्हणजे पूर्ण बुडाल्या तर 2,600 किलो पेलतील. नावेचं स्वतःचं वजन इंजिनसकट 950 किलो. त्यावर 65 किलोची आठ माणसं आणि 300 किलो माल धरला की 1,770 होतात. टाक्या 68 टक्के पाण्यात. निम्म्याच्या आसपास बुडाव्यात, बाकी लाटेसाठी आणि चुकून होणाऱ्या गळतीसाठी राखून ठेवावं. एका ड्रमचं बाहेरून आकारमान 220 लिटर, वजन नऊ किलो. पाच ड्रम आणि त्यांची साठेक किलोची चौकट धरून तोच भार आता निम्म्याच्या जवळ आला. नाव सहा सेंटिमीटर वर आली. कमी वाटेल, पण फळी कोरडी राहते ती एवढ्यानेच.

पुष्कळ जण सांगतात, जुन्या टाकीत फोम भरा म्हणजे नाव उचलेल. अजिबात उचलत नाही. टाकीने बाजूला सारलेलं पाणी तेवढंच राहतं, उलट फोमचं वजन वाढतं. भोक पडल्यावर टाकी भरू नये यासाठी फोम ठीक, पण त्याआड पत्रा आतून गंजत राहतो आणि पुढे वेल्डिंग करताना तोच फोम पेटून विषारी धूर होतो. थर्माकोल तर पेट्रोल सांडलं की विरघळतो.

ड्रम घेताना दोन बुचांचे, अरुंद तोंडाचेच घ्या. अख्खं झाकण आणि कडीवाले पाणी घेतात. कीटकनाशकाचा किंवा ॲसिडचा ड्रम कितीही धुतलेला असो, मासळीच्या पाण्यात नको. आडवा ठेवताना दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येऊ द्या, नाहीतर एक बूच कायम पाण्याखाली राहतं.

बुचं पहाटे, गारव्यात घट्ट करा. आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या ड्रममधली हवा 60 अंशांवर सहज जाते. तशीच बंद करून ड्रम पाण्यात टाकला की हवा आकसते, आतला दाब दहाएक टक्क्यांनी पडतो, ड्रमची भिंत आत चेपते आणि बुचाचा वायसर (रबरी चकती) जरा ढिला असला तर पाणी ओढलं जातं. चेपलेला ड्रम तेवढं कमी पाणी सारतो, म्हणून उचलही कमी.

ड्रम वर ढकलतो, खाली लोंबत नाही, हे फॅब्रिकेशनवाल्याला समजावून सांगा. खरा जोर वरच्या चौकटीवर येतो. त्यामुळे 35 सेंटिमीटर अंतरावर दोन लांब अँगल टाकून ड्रमची पाठ त्यांत बसवली आणि मध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर घातलं. खालची 40 बाय 5 मिलिमीटरची लोखंडी पट्टी फक्त ड्रम सरकू नये म्हणून. 30 अंशांच्या फरकाने ड्रमचा व्यास तीनेक मिलिमीटर बदलतो; रबर नसेल तर पट्टी प्लास्टिकमध्ये रुतते आणि गारवा आला की खडखडते. प्लास्टिकची दोरी वापरू नका, उन्हाने भुसभुशीत होते.

रांगेची जागा महत्त्वाची. ड्रमांचं बूड टाक्यांच्या बुडापेक्षा तीन सेंटिमीटर वर ठेवलं, कारण फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. घासायचं तर लोखंड घासू दे. मागचा ड्रम इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यापासून किमान 60 सेंटिमीटर पुढे संपतो. जवळ नेला की ड्रममागचं फेसाळ पाणी पंख्यात जातं, इंजिन नुसतं घुमतं आणि नाव हलत नाही. पुढच्या ड्रमच्या सपाट तोंडाला दोन मिलिमीटर पत्र्याची उतरती चोच लावली. तरीही जलपर्णी मधल्या फटींत अडकतेच. हा त्रास आधी नव्हता, आणि त्यावर बांबूने ओढून काढण्यापलीकडे उपाय सापडलेला नाही.

आता मुख्य मर्यादा. मधली रांग नाव उचलते, पण सगळे एका बाजूला गेले की कलणं फारसं कमी करत नाही. तोल बाहेरच्या टाक्यांच्या अंतरावर ठरतो. म्हणून जागा झाली तरी माणसं वाढवू नका, आणि लाइफ जॅकेट सुटत नाही.

हे सगळं करण्याआधी जुन्या टाक्या तपासा. पत्रा पाण्याच्या रेषेवर सर्वांत पातळ होतो. हातोडीने ठोकत जा, बद्द आवाज आला की तेवढा तुकडा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून ठिगळ लावा. एम-सील एक हंगाम काढतं, जास्त नाही. गळती पाहायला साबणाचं पाणी आणि सायकलचा पंप पुरे. दाब 2 पीएसआयच्या वर नको, तेवढ्यातच टाकीच्या टोकाच्या गोल पत्र्यावर 300 किलोहून जास्त जोर पडतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नका. वेल्डिंगच्या वेळी बूच उघडं ठेवा, बंद टाकी तापली तर फुटते. ड्रमांचे वायसर दर उन्हाळ्यात नवे घाला, दहाचे दहा.