पदक की पाठबळ? खानदेशातून अर्ज करताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची नवी चित्रकार मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. वार्षिक प्रदर्शनाला काम पाठवायचं, की उदयोन्मुख कलावंतांना पाठबळ देणाऱ्या एखाद्या पुरस्कारासाठी प्रस्ताव लिहायचा? दोन्ही करा, असं सांगणं सोपं आहे. पण शाळेची नोकरी आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटची धावपळ सांभाळून जो वेळ उरतो, तो एकाच अर्जाला धड पुरतो. मी दोन्ही वाटांनी गेलोय, म्हणून लिहितोय.

पदकाचं वजन मी कमी लेखत नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे आणि तिनं १९३७ मध्ये अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं होतं. त्या परंपरेत आपलं नाव लागावं असं कोणाला वाटणार नाही? कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात, त्यामुळे जी.डी. आर्ट या कलेच्या पदविकेला असतानाच सुरुवात करता येते. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्र चालतं, घरच्यांना ते कळतं, गावात पेपरला फोटो येतो. पाठबळाच्या पुरस्काराचं तसं नाही. तो मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या काकांनी सरळ विचारलं, “मंग काय भेटनं तुले?” दाखवायला हातात काहीच नव्हतं.

तरीही माझा कल दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याचं कारण एकच आहे, काम परत आणणं.

मी केळीच्या खोडाच्या धाग्यात काम करतो. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, टांगायचं काम. ते जुन्या चादरीत गुंडाळायचं, वर बबल रॅप, कडेला बांबूच्या कामट्या. रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची आणि पहाटे टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची. इथवर काही वाटत नाही, कारण जाताना आशा सोबत असते. निकालात नाव नसलं की मात्र ठरलेल्या मुदतीत काम उचलून न्या, असा निरोप येतो. मुदत बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांची. किरकोळ रजा टाकायची, पुन्हा रात्रीची गाडी, पुन्हा टॅक्सी. एका नामांकित प्रदर्शनातून काम परत मिळालं, तेव्हा खालच्या कोपऱ्यातले धागे सुटलेले होते. मागच्या पट्टीवर मार्करनं क्रमांक आणि त्यापुढे एक फुली. का नाही घेतलं, काय कमी पडलं, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. शेकडो कामं बघणाऱ्या परीक्षकांकडून ती अपेक्षा ठेवणं कदाचित बरोबर नसेल. पण ती फुली घेऊन भुसावळपर्यंत बसून येताना मला एवढं नक्की कळलं, की या वाटेवर शिकायला मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या कलावंताला हे जाणवणारही नाही, तो संध्याकाळी जाऊन काम घेऊन येतो. आपल्याकडून जाणाऱ्याचा नकारही महाग पडतो.

आपल्याच चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) घराबाहेर फारसे न पडता जगभरातून छायाचित्रणाचे पुरस्कार मिळवत राहिले, हे खरं. पण छायाचित्र पाकिटात मावतं. तुमचं काम छायाचित्र, मुद्राचित्र किंवा छोट्या आकाराचं असेल, तर माझी ही सगळी तक्रार तुम्हाला लागू होत नाही. तुम्ही बिनधास्त प्रदर्शनाला पाठवा.

पाठबळाच्या पुरस्काराला काम हलवावं लागत नाही. फोटो, निवेदन, खर्चाचं अंदाजपत्रक आणि पुढच्या फेरीत बोलणं. निवेदन इंग्रजीत लिहायचं म्हणून आपली मुलं माघार घेतात, ही अडचण खरी आहे. पण बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. ती संस्था अनुदान देते, पुरस्कार नव्हे, पण आपल्या दृष्टीनं वाट तीच. दिल्लीच्या फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्टचाही उदयोन्मुख कलावंतांसाठी पुरस्कार आहे, त्यांचे नियम बघून ठेवा.

मला पहिल्यांदा नकारच आला होता. पण मुलाखतीत एका परीक्षक बाईंनी विचारलं होतं, “हा धागा काढतं कोण? त्यांनी हे काम पाहिलंय का?” पाहिलेलं नव्हतं. त्या प्रश्नानं माझं पुढचं सगळं काम बदललं. नंतर पाठबळ मिळालं तेव्हा प्रदर्शन रावेरकडच्या एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये लावलं. धागा काढणाऱ्या बाया आल्या, त्यांनी हात लावून पाहिलं आणि एकीनं पीळ उलटा पडलाय हेही दाखवलं.

आणखी एक गोष्ट. वार्षिक प्रदर्शनांच्या बक्षिसांत क्युरेटरला, म्हणजे कामं निवडून मांडणाऱ्याला, जागाच नसते. माझ्या धुळ्याच्या मित्रानं त्या शेडमध्ये कुठलं काम कुठे लागेल ते ठरवलं, चार कामं चक्क बाजूला काढली, पाट्या मराठी आणि अहिराणीत लिहिल्या. त्या पुरस्कारात त्याचं मानधन वेगळं धरलेलं होतं. आपल्याकडे चित्र काढणारे भरपूर आहेत, ते मांडणारं कोणी नाही. म्हणून मला हा भाग पैशाइतकाच मोलाचा वाटतो.

कटकटी इथेही आहेत. पैसे हप्त्यानं येतात आणि प्रत्येक खर्चाला पक्कं बिल लागतं. शेतातून खोडं आणून देणारा ट्रॅक्टरवाला कुठून बिल देणार? साध्या पावतीवर सही घेतलेली चालेल का, हे संस्थेला आधीच विचारून ठेवा.

हा एका माणसाचा अनुभव आहे, त्यात माध्यमाचा वाटा मोठा. विद्यार्थी असाल किंवा कलाशिक्षकाच्या जागेसाठी धडपडत असाल, तर आधी पदकाची वाट धरा. काम मोठं, नाजूक किंवा इथल्या मातीशी, माणसांशी बांधलेलं असेल, तर तुमच्या जागी मी या वर्षी प्रस्ताव लिहायला बसेन. अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन लिहायला लाजू नका, आणि वाहतुकीच्या रकान्यात जाण्याबरोबर परत येण्याचाही खर्च धरा.