इम्प्लांट काढल्यावर चरबी भरून घेतली, त्याला आता नऊ महिने झाले

अकरा वर्षं मी छातीत २७५ सीसीची सिलिकॉन इम्प्लांट वागवली. डाव्या इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळत गेलं, कुशीवर झोपलं की खाली पालथी वाटी ठेवल्यासारखं वाटायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आवरणासकट दोन्ही काढून टाकली. त्याचा पश्चात्ताप नाही. हा अनुभव त्यापुढचा.

काढणारे सर्जन म्हणाले होते, एकाच भुलीत चरबीही भरून टाकू. तसंही करतात. पण दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सहा महिने थांबा, कातडी किती आवळते ते तरी बघू." थांबले, ते बरं झालं. पहिल्या महिन्यात सगळं पिळून टाकलेल्या पिशवीसारखं दिसत होतं; तेव्हा ठरवलं असतं तर दुप्पट भरा म्हणून हट्ट धरला असता. चौथ्या महिन्यापर्यंत कातडी बरीच सावरली, फक्त वरचा भाग खोलगट राहिला.

जून २०२४ मध्ये पोट आणि मांड्यांमधली चरबी काढून दोन्ही बाजूंना १९०-१९० मिली भरली. ती एकदम ओतत नाहीत. बारीक नळीने थरांथरांत, थोडी थोडी सोडतात, कारण प्रत्येक कणाला आजूबाजूने रक्त मिळालं तरच तो जगतो. उरलेली शरीर शोषून घेतं. साधारण अर्धी ते दोन तृतीयांश टिकते, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या सुजेवर खूश होऊ नका. तिसऱ्या महिन्यात मला फसवल्यासारखं वाटत होतं, त्यानंतर मात्र आणखी कमी झालं नाही. खोलगटपणा बराचसा भरला, आकार फार वाढला नाही, आणि ओघळलेली छाती तर यातून उचललीच जात नाही.

छाती फारशी दुखलीच नाही, दुखल्या त्या मांड्या. बसताना-उठताना पंधरा दिवस आई गं! पहिल्या रात्री टोचलेल्या भोकांतून गुलाबी पाणी झिरपत राहिलं; गादीवर मेणकापड घाला. घट्ट पट्ट्याचा पोशाख सहा आठवडे, तोही ठाण्याच्या पावसाळी दमटपणात. एकच घेतला होता, वाळेचना. दोन घ्या. जाऊबाई मात्र खूश: "अगं, पोट किती उतरलं! कुठलं डाएट?" मी नुसती हसले.

ऑक्टोबरमध्ये आंघोळ करताना उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ लागली. ती रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक. सोनोग्राफीत तेलाची गाठ निघाली, म्हणजे मेलेल्या चरबीची. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, अशा जागी पुढे कॅल्शियमही साठू शकतं, मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) जाल तेव्हा चरबी भरल्याचं आधी सांगायचं आणि जुने रिपोर्ट न्यायचे. हे सही घेण्याआधी मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. राग आहे, तो आहेच.

आणखी एक. ही चरबी आपलीच, तेव्हा वजनाबरोबर तीही हलते. डिसेंबरात तापाने चार किलो उतरले, तर आधी ब्लाउज सैल झाला.

मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही.

दुसरी फेरी करायची का, असं डॉक्टरबाईंनी परवा विचारलं. डावीकडे वर दोन बोटं जागा अजून खोलगट आहे. साडीत कळत नाही, खोल गळ्याच्या कुर्त्यात मला कळतं. पण मांड्या आठवल्या, म्हटलं दिवाळीनंतर बघू.