किल्लीचा डबा: लंचन मीट की कॉर्न्ड बीफ?

एका पत्र्याच्या डब्यावरून मी आणि ताई तीन रविवार भांडलो. त्या भांडणाचा हा हिशेब, कुणाला डबा निवडताना उपयोगी पडला तर पडला.

बाबा मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर. घरी आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. तिसऱ्या दिवशी पेटीतून एक डबा निघायचा आणि त्याचा भाजलेला पास्ता व्हायचा. खाली मॅकरोनी, मधे मांस आणि वर चीजचा तपकिरी पापुद्रा, कडेला थोडा जास्तच करपलेला. कृती कुठे लिहून ठेवलेली नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? मला पक्कं आठवत होतं की डबा लंचन मीटचा, म्हणजे दळून ठोकळा केलेल्या डुकराच्या मांसाचा असायचा. ताई म्हणाली, "छे रे, कॉर्न्ड बीफ होतं ते." शेवटी दोन्ही आणले. पुढचं मत फक्त या पास्त्यापुरतं आहे. पावात घालून कुठला बरा लागतो ते मला विचारू नका.

आधी माझा डबा. या जातीतलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव स्पॅम, अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली आणलेलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातून ते जगभर पोचलं, आणि त्या सैनिकांनी त्याला जितक्या शिव्या घातल्या तितक्या क्वचितच कुठल्या पदार्थाला पडल्या असतील. मी आणलेला डबा स्पॅमचा नव्हता, दुसऱ्याच एका कंपनीचा होता. नाव सांगत नाही, कारण त्याच्याबद्दल फारसं बरं बोलायचं नाहीये. झाकणाची कडी ओढली तर कडीच हातात आली, झाकण जागच्या जागी. ओपनर शोधण्यात दहा मिनिटं गेली. मग डबा उलटा करून बुडावर थापट्या मारल्यावर आतला ठोकळा 'पच्' असा आवाज करत ताटलीत उतरला, अंगभर जेली घेऊन. रंग लहान मुलांच्या खोडरबरासारखा. हा गुलाबीपणा सोडियम नायट्राइटचा. नाहीतर शिजवलेलं डुकराचं मांस राखाडी पडतं.

इथे मी मोठी चूक केली. मांस डब्यातच शिजलेलं असतं, मग पुन्हा कशाला परता, असा विचार करून फोडी तशाच पास्त्यात ढकलल्या. भट्टीतून जे निघालं ते दुधात भिजलेलं खोडरबर होतं. बायकोने दोन घास खाल्ले आणि "तू दमला असशील," एवढंच म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर याचा अर्थ कळतो.

उरलेल्या अर्ध्या ठोकळ्याच्या दुसऱ्या दिवशी सेंटिमीटरभर फोडी केल्या आणि कोरड्या तव्यात, तेलाचा थेंबही न घालता, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतल्या. तेव्हा मात्र चित्र पालटलं. चरबी सुटली, पाणी उडालं, कडा खरपूस झाल्या आणि आतला भाग मऊ राहिला. लंचन मीटमध्ये बारीक दळलेलं मांस, पाणी आणि स्टार्च असतं. ते पाणी उडाल्याशिवाय वरचा भाग तांबूस होत नाही आणि तो तांबूस झाल्याशिवाय चव येत नाही. भट्टीत सॉसमध्ये बुडलेल्या फोडीला ही संधीच मिळत नाही. एवढी एक गोष्ट केलीत तर डबा कुठल्याही कंपनीचा असो, निम्मं काम झालं.

तरीही ते बाबांचं नव्हतं. चवीला छान होतं, पण फोडी सुट्या सुट्या दाताखाली येत होत्या. बाबांच्या पास्त्यात मांस वेगळं दिसायचंच नाही, ते धाग्याधाग्याने मॅकरोनीच्या नळ्यांत शिरलेलं असायचं. हे ताईला फोनवर सांगितलं तर तिकडून नुसतं हसू.

दुसऱ्या रविवारी ताईचा डबा. कॉर्न्ड बीफचा मक्याशी काही संबंध नाही; मिठाच्या जाड खड्यांना जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणत, त्या मिठात मुरवलेलं ते मांस. डब्याचा आकार बघा, एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. शिकागोत १८७५ साली हा उतरता डबा निघाला, तो मांस अख्खं एका तुकड्यात घसरून बाहेर यावं म्हणून. आणि खरंच येतं. मी डबा तासभर फ्रिजमध्ये ठेवला होता, त्यामुळे चरबी थिजली होती आणि ठोकळा सुरीने स्वच्छ कापला गेला. गार न करता उघडलात तर कापायच्या भानगडीत पडू नका, चमच्याने फोडा.

किल्लीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. डब्याला चिकटवलेली ती छोटी किल्ली पत्र्याच्या जिभेत अडकवून गुंडाळत न्यायची असते. अर्ध्या वाटेवर पट्टी तिरकी गेली आणि तुटली. मग पक्कड. मोकळी झालेली कड ब्लेडसारखी असते, लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. माझ्या अंगठ्यावर असाच एक जुना वण आहे. तो बघून मी ताईला म्हणालो, "हा बघ पुरावा." ती म्हणाली, "अरे, तेव्हा दोन्ही डब्यांना किल्लीच असायची." वाद तिथेच राहिला.

तव्यात मात्र हे मांस आपले गुण दाखवतं. आधी एक मोठा कांदा लोण्यावर गुलाबी होईपर्यंत परतला, मग मांस घालून पसरवलं आणि हात मागे घेतला. हे सगळ्यांत अवघड. सारखं ढवळलं की त्याचा लगदा होतो. चार मिनिटं तसंच राहू द्या, खाली खरपुडी धरली की उलथा, पुन्हा चार मिनिटं. शिजलेल्या मांसाचे धागे असल्यामुळे ते सॉसमध्ये विरघळल्यासारखं पसरतं आणि नळ्यांत शिरतं. पहिला चमचा तोंडात घातला आणि मला ताईला फोन करायची इच्छा उरली नाही.

तरी काहीतरी कमी होतं. कसलीशी गोडसर, किंचित खरवसासारखी चव. दोन दिवस डोक्यात तेच. मग लक्षात आलं की बोटीवर ताजं दूध कुठलं? बाबा डब्यातलं इव्हॅपोरेटेड दूध वापरत असणार. निम्म्याहून जास्त पाणी उडवलेलं, साखर न घातलेलं दूध. डबाबंद करताना ते तापवतात, त्यानेच त्याला फिकट बदामी रंग आणि तो गोडवा येतो. कंडेन्स्ड मिल्क वेगळं, त्यात साखर असते. हे अगत्याने सांगतो, कारण मी घाईत पहिल्यांदा तेच उचललं होतं. बिनसाखरेच्या दुधाचा आणखी एक फायदा म्हणजे त्यातलं चीज सहसा फाटत नाही, सॉस गुळगुळीत राहतो.

तर तिसऱ्या रविवारी जे जमलं ते असं. ३०० ग्रॅम मॅकरोनी, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवलेली, कारण उरलेली ती भट्टीत शिजते. ५० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम मैदा दोन मिनिटं परतायचा, तांबूस होऊ द्यायचा नाही. ४१० ग्रॅमचा दुधाचा एक डबा आणि तेवढंच पाणी थोडं थोडं घालत घोटायचं, नाहीतर गुठळ्या. एक उकळी आली की आच बंद, मग १०० ग्रॅम किसलेलं चेडार आणि चमचाभर मोहरीची पेस्ट. सॉस पातळ वाटेल, वाटू द्या. पास्ता तो पितो. पातळ वाटला म्हणून मी एकदा जास्त मैदा घातला होता, तर वड्या पाडता आल्या असत्या. परतलेलं मांस मिसळा, वर आणखी मूठभर चीज आणि पावाचा चुरा, २०० अंशांवर २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका.

मीठ घालू नका. सॉसमध्ये नाही, चुऱ्यात नाही. पास्त्याच्या पाण्यात घातलं तेवढं पुष्कळ झालं. दोन्ही डबे भरपूर खारट असतात आणि चीजही खारटच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने हा पदार्थ दर आठवड्याला करू नये; मी गोळी घेतो, म्हणून तीन रविवारांनंतर आता थांबलोय.

गुण द्यायचे तर लंचन मीटला पाचपैकी तीन, तेही परतलं तरच. लहान मुलांना फोडी टिपायला मजा येते, त्यासाठी ते ठीक आहे. कॉर्न्ड बीफला साडेचार, अर्धा गुण किल्लीने खाल्ला. बीफ न खाणाऱ्यांसाठी अशाच डब्यात कॉर्न्ड मटणही मिळतं. ते मी करून पाहिलेलं नाही, पण धागा तसाच असेल तर हीच रीत चालावी. इव्हॅपोरेटेड दुधाला पाच. डबा कुठलाही घ्या, फुगलेला किंवा सांध्यावर चेपलेला असेल तर उघडूनही बघू नका, सरळ फेका.

तिसऱ्या रविवारी ताई जेवायला आली ती पिशवीत काहीतरी घेऊन. बटणांचा डबा. बाबांच्या पेटीतला, तिच्या शिवणाच्या कपाटात इतकी वर्षं पडून होता. रंग उडालेला, अक्षरं गेलेली, कड ठोकून आत वळवलेली. तोंड रुंद, बूड अरुंद. तिने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला, एक शब्द बोलली नाही आणि ताट पुढे केलं.

मग भांड्याचा कोपरा, तो करपलेला, उलथण्याने खरवडून आपल्या ताटात घेत म्हणाली, "बाबा हा नेहमी मला द्यायचे."

मला द्यायचे. हे मला पक्कं आठवतंय.