लास वेगास की मकाऊ? नागपूरहून निघणाऱ्या कुटुंबासाठी तुलनात्मक आढावा

सिंगापूर, दुबई आणि थायलंड पाहून झालेल्या नागपुरातील अनेक घरांत पुढच्या परदेशवारीचा विचार सुरू झाला की, झगमगत्या कॅसिनोंच्या शहरांपैकी दोन नावे हमखास पुढे येतात: अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास आणि चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाऊ. दोन्हीकडे व्हेनिसच्या धर्तीवरचे कालवे आणि होड्या आहेत, खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे आणि संगीतावर डोलणारी कारंजी आहेत. त्यामुळे छायाचित्रे पाहून निवड करायला बसल्यास दोन्ही शहरे एकसारखीच भासतात. कॅसिनो पाहून झाल्यावर उरलेल्या दिवसांत काय पाहायचे आहे, यावरूनच ही निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लास वेगासच्या बाहेर अफाट वाळवंट आहे, तर मकाऊच्या पोटात पायी फिरता येणारे, शतकांचा इतिहास असलेले गाव आहे. खरी तुलना या दोहोंची आहे.

प्रवास, व्हिसा आणि ऋतू

नागपूरहून यांपैकी कोठेही थेट विमान नाही. मकाऊसाठी मुंबई किंवा दिल्लीहून हाँगकाँग गाठणे सर्वांत सोयीचे पडते. मुंबई ते हाँगकाँग हा विमानप्रवास सुमारे सहा तासांचा आहे, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये खुल्या झालेल्या ५५ किलोमीटर लांबीच्या हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलावरून बसने साधारण ४० मिनिटांत मकाऊच्या हद्दीत पोहोचता येते. बोटीला तासभर लागतो. लास वेगाससाठी मात्र घरून निघाल्यापासून हॉटेलच्या खोलीत शिरेपर्यंत एक दिवसाहून अधिक काळ जातो आणि किमान दोन ठिकाणी विमान बदलावे लागते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असल्याने पहिले दोन दिवस झोपेचे गणित बिघडलेले असते, तर मकाऊचे घड्याळ केवळ अडीच तास पुढे आहे.

व्हिसाच्या बाबतीत तर दोन्ही शहरांत मोठी तफावत आहे. भारतीय पासपोर्टधारकांना मकाऊमध्ये ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. वाटेतील हाँगकाँगसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. तिला शुल्क नाही आणि तिच्या आधारे एका वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येते. मकाऊला लागूनच असलेल्या, चीनच्या मुख्य भूमीवरील झुहाई शहरात सहज डोकावून येऊ असा बेत कोणी आखत असेल, तर त्यासाठी चीनचा वेगळा व्हिसा लागतो, हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी अर्जाचे शुल्कच प्रतिव्यक्ती १८५ डॉलर आहे, मुलाखतीसाठी नागपूरकरांना सहसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जावे लागते आणि मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येकदा महिनोन्‌महिने लागतात. त्यामुळे येत्या तीन-चार महिन्यांत निघायचे असेल आणि हाती अमेरिकेचा व्हिसा नसेल, तर लास वेगासचा विचार या वेळेपुरता बाजूला ठेवणेच शहाणपणाचे आहे.

ऋतूचा मुद्दा विदर्भातील कुटुंबांनी अधिक बारकाईने पाहावा. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडत असल्याने मे-जूनमध्ये सहल काढण्याकडे कल असतो. परंतु लास वेगासचा जून आपल्या मे महिन्यासारखाच कोरडा आणि भाजणारा असतो. ७ जुलै २०२४ रोजी तेथे ४८.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. वर्धा रोडवरचे ऊन टाळण्यासाठी निघायचे आणि तशाच उन्हात दुपारी पायपीट करायची, यात काही अर्थ नाही. त्याच काळात मकाऊमध्ये दमट हवा, पाऊस आणि पुढे वादळांचा मोसम असतो. ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर हा काळ दोन्हीकडे सुखद असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी अगदी योग्य ठरते. मकाऊत १ ऑक्टोबरपासूनचा चिनी राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही कळसाला पोहोचलेले असतात. नोव्हेंबरमध्ये तेथे शहरातील रस्त्यांवरच मोटारींची शर्यत होते. १९५४ पासूनची ही परंपरा शर्यतीच्या चाहत्यांनी जरूर अनुभवावी, इतरांनी तेवढे दिवस सोडून जावे, कारण अनेक रस्ते बंद असतात.

शहरातील झगमगाट

केवळ रोषणाईच पाहायची असेल, तर लास वेगासला तोड नाही. तेथील ‘स्ट्रिप’ हा सुमारे पावणेसात किलोमीटरचा रस्ता संध्याकाळी पायी पाहण्यासारखा आहे, आणि त्यावरील उत्तम गोष्टींपैकी बऱ्याच फुकट आहेत: १९९८ पासून सुरू असलेली बेलाजिओची कारंजी, त्याच हॉटेलातील ऋतूनुसार बदलणारे पुष्पदालन, आणि २०२३ मध्ये उघडलेल्या ११२ मीटर उंच ‘स्फिअर’ या गोलाच्या बाह्यांगावर सतत पालटत राहणारी चित्रे. इमारती प्रचंड असल्यामुळे समोर दिसणारे हॉटेल जवळ वाटते, पण चालायला लागल्यावर अर्धा तास सहज जातो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाताना स्ट्रिपचा एका वेळी एकच टप्पा ठरवावा आणि मधल्या अंतरासाठी बस घ्यावी. जुन्या शहरातील फ्रीमाँट स्ट्रीटसाठी आणि जुने निऑन फलक जपून ठेवणाऱ्या निऑन संग्रहालयासाठी एक संध्याकाळ वेगळी काढावी. नकली पिरॅमिड आणि किल्ले जाता-येता दिसतातच, त्यांच्यासाठी खास वेळ देण्याची गरज नाही.

मकाऊचा झगमगाट मुख्यतः कोताई या भागात आहे. ताईपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र भरून ही जमीन तयार केली गेली. तेथील भव्य हॉटेले एकमेकांना लागून आहेत, बरेचसे फिरणे वातानुकूलित छताखाली होते आणि हॉटेलांच्या मोफत बसगाड्या विमानतळ, बंदर व पूल यांना जोडलेल्या आहेत. वृद्धांच्या दृष्टीने कोताई निश्चितच सोपे आहे. मात्र लास वेगासच्या रस्त्यावर जो मोकळेपणा आणि उत्साह जाणवतो, तो येथे नाही.

रंगमंचीय प्रयोगांत दोन्ही शहरे तुल्यबळ आहेत, आणि त्यामागे एक रंजक कारण आहे. बेलाजिओमध्ये १९९८ पासून चालू असलेला ‘ओ’ हा जलप्रयोग आणि मकाऊच्या सिटी ऑफ ड्रीम्समधील ‘हाउस ऑफ डान्सिंग वॉटर’ हे दोन्ही प्रयोग फ्रँको ड्रॅगोन या एकाच दिग्दर्शकाच्या कल्पनेतून साकारले आहेत. लास वेगासच्या मंचाखालील कुंडात सुमारे ५७ लाख लिटर पाणी मावते, मकाऊच्या कुंडात सुमारे १ कोटी ४० लाख लिटर. मकाऊचा प्रयोग २०२० मध्ये थांबला होता आणि मे २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. एकाच रात्रीच्या तिकिटावर मोठी रक्कम खर्च करायची असेल, तर ती कोणत्याही शहरात याच प्रयोगावर करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना भाषेची अडचण येत नाही आणि मागच्या रांगेतूनही सारे नीट दिसते. तरीही लास वेगासमध्ये एकाच आठवड्यात जादू, विनोद, संगीत आणि कसरती यांचे जितके पर्याय मिळतात, त्यांच्या जवळपासही मकाऊ पोहोचत नाही.

मकाऊचे जुने गाव

मकाऊला जाऊन कोताईतूनच परतणारे प्रवासी मला सर्वांत अधिक खटकतात, कारण या शहराचे खरे वैभव जुन्या भागात आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून येथे पोर्तुगीजांची वस्ती होती, २० डिसेंबर १९९९ रोजी मकाऊ चीनकडे सोपवले गेले आणि २००५ मध्ये त्याच्या ऐतिहासिक भागाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मराठी प्रवाशाला हे गाव विशेष जवळचे वाटावे, याचे कारण गोवा आहे: १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अधीन होता. जुने गोवे पाहिलेल्या माणसाला सेंट पॉल चर्चच्या अवशेषांसमोर उभे राहिल्यावर ओळखीच्या खुणा सापडतात. हे चर्च सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले गेले आणि १८३५ च्या आगीत त्याची केवळ दगडी दर्शनी भिंत व पायऱ्या उरल्या. त्या भिंतीच्या कोरीव कामात युरोपीय संतांच्या मूर्तींसोबत चिनी अक्षरेही आहेत, आणि ते घडवणाऱ्यांत मायदेशातून परागंदा झालेले जपानी ख्रिस्ती कारागीर होते. तेथून खाली उतरत गेल्यास लाटांच्या नक्षीची फरसबंदी असलेला सेनाडो चौक लागतो आणि पुढे समुद्रदेवतेचे आ-मा मंदिर येते, जे पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून तेथे आहे. डिसेंबर २०२३ पासून हलकी मेट्रो या मंदिराजवळच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या स्थानकापर्यंत येत असल्याने कोताईत राहणाऱ्यांनाही हा भाग आता सहज गाठता येतो. या साऱ्यासाठी एक पूर्ण दिवस द्यावा, आणि कोलोआनच्या शांत किनाऱ्यासाठी आणखी अर्धा. धाडसी मंडळींसाठी मकाऊ टॉवरवरून २३३ मीटर उंचीवरची बंजी उडीही आहे.

लास वेगासभोवतीचे वाळवंट

लास वेगासच्या बाजूने बोलायचे तर मी प्रथम वाळवंटाचेच नाव घेईन. शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर रेड रॉक कॅन्यन आहे. तेथील तांबड्या वालुकाश्मांच्या कड्यांभोवती २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता फिरतो आणि ऑक्टोबर ते मे या काळात त्यासाठी आधी वेळ आरक्षित करावी लागते. पाऊण तासावर हूवर धरण आहे. १९३१ ते १९३५ च्या दरम्यान, म्हणजे ऐन महामंदीत, कोलोरॅडो नदीच्या अरुंद घळीत उभारलेली २२१ मीटर उंचीची ही काँक्रीटची भिंत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना दाखवायलाच हवी. त्याच १९३१ साली नेवाडाने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली, आणि धरणावरील कामगारांच्या पगाराने या गावाच्या वाढीला पहिला मोठा हातभार लावला.

ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत मात्र सहलीच्या जाहिराती नीट वाचाव्यात. काचेचा ‘स्कायवॉक’ असलेली पश्चिम कड सुमारे २०० किलोमीटरवर आहे. ती ह्युआलापाई या आदिवासी समाजाच्या भूमीत येते, राष्ट्रीय उद्यानात नाही, आणि तिचे तिकीट वेगळे असते. जी दृश्ये आपण पुस्तकांत पाहत आलो, ती बहुतेक दक्षिण कडेवरची, आणि ती कड सुमारे ४५० किलोमीटर दूर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्या बसमध्ये नऊ-दहा तास बसूनच जातात. त्यापेक्षा एक मुक्काम करून सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही पाहावेत. २०२६ पासून ग्रँड कॅन्यनसह काही राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकांना नेहमीच्या शुल्काशिवाय प्रतिव्यक्ती १०० डॉलर जादा द्यावे लागतात, हेही खर्चात धरावे.

खेळाची टेबले, जेवण आणि खर्च

कॅसिनोत प्रवेशासाठी दोन्हीकडे किमान वय २१ आहे, परंतु व्यवहारात फरक पडतो. लास वेगासच्या हॉटेलांत लिफ्टकडे जाणारी वाटच अनेकदा जुगाराच्या यंत्रांच्या गर्दीतून जाते. मुलांना मोठ्यांसोबत तेथून चालत जाता येते, थांबता मात्र येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तेथे धूम्रपानही चालते. मकाऊमध्ये खेळाचे दालन वेगळे असते, दारावर पासपोर्ट तपासला जातो आणि सिगारेट फक्त वेगळ्या खोल्यांतच ओढता येते. लहान मुले किंवा दम्याचा त्रास असलेले कोणी सोबत असल्यास मला मकाऊचीच व्यवस्था पसंत आहे.

खेळायचेच असेल, तर गणित आधी समजून घ्यावे. रुलेट या आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, चाकावर एक शून्य असल्यास, प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे जातात, दोन शून्ये असल्यास ५ रुपये २६ पैसे, आणि लास वेगासच्या काही टेबलांवर दिसणाऱ्या तीन शून्यांच्या चाकावर ७ रुपये ६९ पैसे. मकाऊत बहुतांश उलाढाल बॅकरा या पत्त्यांच्या खेळाची असते. त्यात ‘बरोबरी’वर लावलेल्या पैशांतून सरासरी १४ टक्के हातचे जातात. परदेशात जिंकलेल्या रकमेवरही भारतातील रहिवाशाला ३० टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

शाकाहारी कुटुंबाला लास वेगास सोपे जाते, कारण मेक्सिकन, इटालियन आणि भारतीय उपाहारगृहे मुबलक आहेत. मकाऊमध्ये भारतीय जेवण मिळते, पण शोधावे लागते. मांसाहार करणाऱ्यांना मात्र हळद, नारळ आणि मसाले वापरणारे तेथील पोर्तुगीज-चिनी मिश्र जेवण फार आवडेल. खर्चाबाबत दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. लास वेगासच्या बहुतेक हॉटेलांत खोलीच्या दराखेरीज प्रतिरात्री ४० ते ५५ डॉलर ‘रिसॉर्ट फी’ आणि कर लागतो, आणि शुक्रवार-शनिवारी दर कडाडतात. मकाऊमध्ये हाँगकाँगचे डॉलर सर्वत्र चालतात, पण मकाऊचे पटाका हाँगकाँगमध्ये घेत नाहीत. म्हणून परतण्यापूर्वी ते संपवावेत.

पाच-सहा दिवसांची सुट्टी, सोबत वडीलधारी माणसे आणि लहान मुले असा संच असेल, तर मी हाँगकाँगला जोडून मकाऊचे तीन दिवस सुचवेन. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असून व्हिसा आधीच झालेला असेल, तर लास वेगासला चार रात्री द्याव्यात आणि त्यांतली एक ग्रँड कॅन्यनपाशी घालवावी. ज्यांना केवळ कॅसिनो आतून कसा असतो एवढेच पाहायचे आहे, त्यांना इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही, त्यासाठीचा १९७६ चा कायदा अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला. पण पणजीत मांडवीच्या पात्रात तरंगते कॅसिनो आहेत, तेथेही वयाची अट २१ आहे आणि प्रवेशशुल्कात सहसा जेवण धरलेले असते. ती एक संध्याकाळ झाली की, उरलेले दिवस मंगेशी, शांतादुर्गा आणि जुन्या गोव्यासाठी मोकळे राहतात.