एफजीएफ-२१ की फेट्युइन-ए: यकृताचे दोन निरोप

एफजीएफ-२१ आणि फेट्युइन-ए ही दोन्ही प्रथिने यकृत रक्तात सोडते, आणि लठ्ठपणात दोन्हींची पातळी सहसा वाढलेली दिसते. पण तेवढ्यावरून दोन्हींना सारखेच वाईट ठरवणे चूक आहे.

फेट्युइन-ए इन्सुलिनच्या रिसेप्टरचे (पेशीवर संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचे) काम अडवते. शिवाय संपृक्त मेदाम्लांना टीएलआर-४ या प्रतिकारयंत्रणेच्या रिसेप्टरशी जोडून मेदपेशींत दाह पेटवते. २०१२ मध्ये हे उंदरांत दाखवले गेले. तरी ते निव्वळ खलनायक नाही, कारण रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणे तेच रोखते. मोजताना एक अडचण येते: तीव्र संसर्गात त्याची पातळी घटते. तेव्हा सोबत सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) पाहिल्याशिवाय ‘कमी म्हणजे चांगले’ म्हणू नये.

एफजीएफ-२१ उलट उपकारक. बीटा-क्लोथो या सहरिसेप्टरमार्फत (मुख्य रिसेप्टरच्या जोडीदार प्रथिनामार्फत) ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, घटवते, गोडाची ओढही कमी करते. मग लठ्ठ माणसात ते भरपूर असून उपयोग का दिसत नाही? बहुधा ऊती त्याला दाद देईनाशा होतात, असे मानतात. उंदरात ते एका दिवसाच्या उपासाने वाढते; माणसात साधारण आठवडाभर लागतो. त्यामुळे एकादशीच्या उपासाने ते वाढेल ही आशा फोल.

औषध म्हणून आमचा कल एफजीएफ-२१कडेच. मूळ रेणू रक्तात फार थोडा वेळ टिकतो, म्हणून दीर्घकाळ टिकणारी रूपे बनवली गेली. त्यांनी यकृतातील चरबी ठळकपणे उतरते, वजन मात्र फारसे नाही.