ट्यूबलेस चाकं, नवा ट्रेल आणि व्हॉल्व्हचा कोअर : सात महिन्यांच्या वापरानंतर

माउंटन बाइकच्या मागच्या चाकात हवा भरून पंपाचं आट्यांचं तोंड व्हॉल्व्हवरून उलटं फिरवून काढताना आतला कोअरच, म्हणजे हवा अडवणारा, सुटा होणारा भाग, त्याच्याबरोबर बाहेर आला आणि चाक बघता बघता रिकामं झालं. तेही ट्रेलच्या, म्हणजे डोंगरातल्या सायकलच्या कच्च्या वाटेच्या तोंडाशी, उतार सुरू होण्याआधी. टायर फाटला नव्हता, रिममधली स्पोकची भोकं झाकणारी टेप सुटली नव्हती, टायरमधलं भोकं बुजवणारं सीलंट ताजं होतं. सात महिन्यांत या चाकांनी जेवढा त्रास दिला, त्यातला निम्म्याहून जास्त या बोटाच्या पेराएवढ्या भागानं दिला. म्हणून हा अनुभव बराचसा त्याच्याबद्दलच आहे. टायरची पकड, रबराचा मऊपणा, वजन यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे परत नको.

सेटअप नेहमीचाच आहे. २९ इंची चाकं, २.४ इंच रुंद टायर, आतून ३० मिलिमीटर रुंद रिम, प्रेस्टा (बारीक, टोकाला पिन असलेला) व्हॉल्व्ह, चालवणारा सामानासकट ७५ किलो. पुढे दिलेले दाबाचे आकडे या वजनासाठी आहेत, कमी-जास्त वजनाला ते तसेच लागू करू नका.

जुन्या, रुळलेल्या ट्रेलवर दाब एकदा ठरवला की महिनोन् महिने बघावा लागत नाही. नुकत्याच उघडलेल्या ट्रेलवर हे चालत नाही, कारण खालची जमीन दर काही आठवड्यांनी वेगळी होते. उतारात पायरीसारखी पट्टी खणून ट्रेल काढतात. पट्टी पूर्ण रुंदीनं मूळ जमिनीत खणलेली असेल तर ती लवकर घट्ट होते. आतून खणलेली माती बाहेर टाकून तिच्यावरच अर्धी रुंदी साधली असेल, तर बाहेरची कड पावसाचा निदान एक हंगाम जाईपर्यंत भुसभुशीत राहते आणि चाक तिच्यावर गेलं की खचते. अशा ट्रेलवर आतल्या बाजूनंच चालवायचं. दुसरा धोका दगडांचा. नुकत्याच फोडलेल्या दगडांच्या कडा चाकांनी आणि पाण्यानं गुळगुळीत झालेल्या नसतात. तिसरा झुडपांच्या खुंटांचा. मुळासकट न उपटता जमिनीलगत तिरकं छाटलेलं झुडूप म्हणजे रोवलेला खिळाच, आणि तो टायरच्या जाड माथ्यात न घुसता बाजूच्या पातळ भिंतीत घुसतो.

म्हणून पहिले दोन महिने पुढे १९ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवला. पुढच्या चाकाला सैल मातीत पकड हवी असते. मागच्या चाकावर वजन जास्त, ते धारदार दगडांवर आपटतं, त्यामुळे तिथे रिम वाचवणं महत्त्वाचं. माती दबली, सुटे दगड कडेला गेले, तेव्हा उलटं करावं लागलं. बर्म, म्हणजे वळणावरचा मातीचा तिरपा बांध, घट्ट झाल्यावर त्यात वेगानं शिरताना १९ वर पुढचा टायर रिमवर आडवा लोळतो, वळण धरताना हँडलबार उशिरा ऐकल्यासारखं वाटतं. मग पुढे २१ केलं. मागे २३ वर आणलं, कारण वळणांआधी ब्रेकमुळे पडलेल्या खळग्यांवर कडक टायर उसळतो आणि उसळलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

एक-दोन पीएसआयनं एवढा फरक पडतो, यावर विश्वास नसलेले लोक बहुधा पंपावरचा काटा बघून हवा भरतात. १६० पीएसआयपर्यंतच्या तबकडीवर २० आणि २३ मधलं अंतर काट्याच्या जाडीएवढं असतं. ० ते ३० पीएसआयचा वेगळा गेज घ्या, पंप जुनाच राहू दे. शिवाय दाब जागेवरही राहत नाही. हवेचं तापमान १० अंशांनी बदललं तर या पातळीला साधारण १.२ पीएसआयचा फरक पडतो. पायथ्याशी दाब ठरवून १००० मीटर वर चढलात तर बाहेरच्या हवेचा दाब उतरल्यानं टायर दीड पीएसआयनं कडक होतो. गारव्यात पायथ्याशी २१ केलेला टायर दुपारच्या उन्हात माथ्यावर २३ च्या पुढे गेलेला असू शकतो. उतार सुरू करण्याआधी माथ्यावर दाब मोजायचा, ही सवय एवढ्यासाठीच.

आता मूळ दुखण्याकडे. हे सगळं मोजणं ज्या दारातून होतं ते दारच चोंदलं, तर गेज कितीही चांगला असो, आकडा खोटा येतो. सीलंट म्हणजे पातळ केलेलं लॅटेक्स आणि त्यात भोक बुजवणारे बारीक कण किंवा धागे. हवा आत-बाहेर होताना त्याचे थेंब कोअरच्या पिनवर आणि तिच्या टोकाच्या रबरी सीलवर बसतात, वाळतात, आणि थरावर थर चढतो. अर्धवट चोंदलेल्या व्हॉल्व्हमधून हवा भरताना पंपाचा काटा दणकन ४० वर जातो, दट्ट्या थांबवला की हळूहळू उतरतो. तो दाब टायरचा नसून नळीतला असतो. लोक पंप तिथेच थांबवतात आणि टायरमध्ये खरे १७ असतात. मग रिमला दगड लागतो आणि दोष टायरला दिला जातो. प्रेस्टाची पिन आत दाबणारा गेज टायरचा खरा दाब दाखवतो, पण चोंदलेल्या कोअरवर त्याचा काटाही हळू चढतो, म्हणून तो स्थिर होईपर्यंत थांबा.

ओळखायची खूण सोपी आहे. पिन क्षणभर दाबा. मोकळ्या व्हॉल्व्हमधून जोरात, कोरडा ‘फस्स’ येतो. चोंदलेल्यातून दमलेला, ओलसर आवाज येतो आणि बोटाला थेंब लागतात. दुसरी खूण म्हणजे रोज तीन-चार पीएसआय उतरणं. पहिल्या महिन्यात याच गळतीसाठी दोनदा टेप बदलली, दोन्ही वेळा टेप निर्दोष निघाली. तेवढी टेप आणि तेवढं सीलंट फुकट गेलं. कोअर नीट बंद होत नव्हता, सीलवर लॅटेक्सची बारीक गोळी अडकली होती. म्हणून टेपला हात लावण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी टाकून बघा. तिथे बुडबुडे आले की कोअर, व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमच्या भोकातून आले की रबरी बूड, स्पोक रिमला जोडणाऱ्या निपलांतून आले तरच टेप.

कोअर साफ करायची पद्धत. व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवून दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे सीलंट खाली जमतं. हवा सोडायची. टायरवर वजन येऊ द्यायचं नाही, नाहीतर कड रिमवरून सुटते आणि परत बसवायला कॉम्प्रेसर लागतो. कोअरच्या चपट्या बाजूंवर छोटा पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेनं सोडवायचा. सीलवरचं वाळलेलं लॅटेक्स नखानं सोलून काढायचं. ते पाण्यात विरघळत नाही, भिजत ठेवून उपयोग नाही. पेट्रोलसारख्या द्रावकात तर मुळीच बुडवू नका, रबरी सील फुगतं. व्हॉल्व्हच्या नळीत आतून चिकटलेलं २ मिलिमीटरच्या ॲलन कीनं किंवा जुन्या स्पोकनं ढकलायचं. कोअर परत बसवताना बोटांनी घट्ट करून वर पान्यानं थोडासा पीळ द्यायचा. हा शेवटचा पीळ विसरला की सुरुवातीला लिहिलं तसं होतं, पंपाच्या तोंडाबरोबर कोअर निघून येतो.

इथवरचं बरंचसं चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. तेव्हाची तीन मतं आता बदलली आहेत.

पहिलं, जाड सीलंट. नव्या ट्रेलवर खुंट आणि धारदार दगड, म्हणून मोठे कण असलेलं जाड सीलंटच घ्या, असं लिहिलं होतं. ते भोकं खरंच चांगली बुजवतं. पण व्हॉल्व्ह तीन आठवड्यांत चोंदतो. पातळ सीलंटवर तीच वेळ दोन-अडीच महिन्यांनी येते. बाजूच्या भिंतीतला मोठा काप जाड सीलंटनंही भरत नाही, त्याला प्लगच, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टीच लागते. मग जाड सीलंटनं नक्की काय मिळवलं? आता पातळच, प्रत्येक चाकात १०० मिलिलिटर, आणि दर दोन महिन्यांनी कोअर काढून आत काडी घालून पातळी बघणं. उरलेलं काडीच्या टोकाला लागतं. जेवढं कमी तेवढंच सिरिंजनं भरायचं, अंदाजानं अर्धी बाटली ओतायची नाही.

दुसरं, कोअर चोंदला की फेकून नवा लावायचा, हे मत. गरज नाही. सोलून साफ केलेला कोअर नव्याइतकाच चालतो. पिन वाकली किंवा सील चिरलं तरच बदला. आत्तापर्यंत चारपैकी एकच बाद झालाय, आणि तोही पंपाचं तोंड तिरकं लावल्यामुळे.

तिसरं, सगळा दोष कोअरचा. तसं नाही. चोंदण्याचं खरं कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह खाली असताना हवा सोडणं हे असतं. व्हॉल्व्ह तळाशी असला की तो सीलंटच्या डबक्यात उभा असतो आणि सोडलेली हवा ते डबकंच कोअरमधून बाहेर फेकते. गेल्या तीन महिन्यांत व्हॉल्व्ह वर किंवा बाजूला ठेवूनच प्रत्येक वेळी दाब बघितला, आणि साफसफाई एकदाच करावी लागली. आट्यांच्या तोंडाचा पंप मात्र बंद केला. खटका उघडून ओढून काढायचं तोंड कोअर सोडवत नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. १६ ग्रॅमची कुपी या आकाराच्या टायरला जेमतेम २० पीएसआयपर्यंत नेते. आणि काही लॅटेक्स सीलंट या वायूनं फुटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. घरी आल्यावर वायू सोडून साधी हवा भरा आणि सीलंट हलवून बघा.

नवा ट्रेल शोधण्याबद्दलही थोडं, कारण कोणता दाब घेऊन जायचं हे तिथूनच ठरतं. स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणाऱ्या नकाशावर तो शोधू नका. फार थोड्या लोकांनी चालवलेली वाट त्यात उमटतच नाही. ट्रेलफोर्क्स या ट्रेलच्या नकाशांच्या ॲपवर ट्रेलची स्थिती आणि ताजे अहवाल असतात. अहवाल किती दिवसांपूर्वीचा आहे तेवढं आधी बघा, नव्या मातीवर पावसाआधीचा अहवाल कुचकामी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर अवघडपणाची ० ते ६ अशी श्रेणी मिळते, पण ती कोणी भरली असेल तर.

सर्वांत जास्त माहिती समोच्च रेषांतून निघते. ट्रेलबांधणीत अर्ध्याचा नियम आहे : ट्रेलचा उतार डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. बाजूचा उतार २० टक्के आणि ट्रेल १४ टक्क्यांनी उतरत असेल तर पाणी ट्रेल आडवा ओलांडून न जाता त्याच्यावरूनच धावेल. माती वाहून जाईल, दगड उघडे पडतील, आणि नवा ट्रेल एका हंगामात दगडांचा ओढा होईल. अशा टप्प्यासाठी मागे २५ च ठेवा, ट्रेल जुना झाला तरी. सरासरी उतार १० टक्क्यांच्या आत आणि मधे मधे छोटे उलटे चढ असतील तर पाणी तिथे बाहेर पडतं, माती टिकते, आणि कमी दाबाचा फायदा मिळतो. कोणाच्या तरी फोनवरून आलेली जीपीएक्स फाइल (वाटेची जीपीएस नोंद) झाडीत दहा-दहा मीटर सरकलेली असू शकते, त्यामुळे वळणं तिच्यावरून ठरवू नका. दिशा मात्र नक्की तपासा, एकाच दिशेनं चालवायच्या ट्रेलवर समोरून येणारा थांबू शकत नाही. तोंडाशी आडवी पट्टी बांधलेली असेल तर ट्रेल बंद आहे. चाकाचा ठसा मातीत खोल उठत असेल तरी परत फिरा, ओली नवी माती एका दिवसाच्या चाकांनी कायमची चर पडून बसते.

पहिली फेरी हळू. उडीपलीकडची जमीन पायानं चालून बघितल्याशिवाय उडी नाही. पहिल्या फेरीनंतर दोन्ही टायरच्या बाजूच्या भिंती बोटांनी चाचपा, काप असेल तिथे सीलंटचा ओला डाग दिसतो. साधारण ५ मिलिमीटरपर्यंत जाड प्लग धरतो. त्याहून मोठ्या कापाला आतून ठिगळ आणि ट्यूब. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून प्रत्येक काटा काढावा लागतो. सीलंटनं झाकलेले दहा-बारा काटे हवा गळू न देता महिनोन् महिने आत बसलेले असतात, आणि ट्यूब घातल्या घातल्या ते सगळे तिच्यात शिरतात.

ट्यूब घालायची तर आधी ट्यूबलेस व्हॉल्व्ह रिममधून काढावा लागतो, आणि तिथेही हाच भाग नडतो. त्याला रिमवर धरून ठेवणारी चकती पकडीनं आवळली असेल तर ट्रेलवर बोटांनी सुटत नाही. चकती हातानंच घट्ट करा. पकडीनं आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट रबरी बूड दबून वाकडं होतं आणि तिथूनच हवा जाते. खोगिराखालच्या पिशवीत आता दोन साफ केलेले कोअर असतात, छोट्या झाकणाच्या डबीत, आणि त्यांचा पाना त्याच डबीत. पाना वेगळ्या कप्प्यात ठेवला तर हवा असतो तेव्हा सापडत नाही.